पुढच्या खोलीतला वापर

१

रत्नमालाला त्या डब्याचा राग आला तो पहिल्याच दिवशी. बजाजनगरातल्या तिच्या घराच्या ओट्यावर, मीटरच्या शेजारी, वीज कंपनीच्या माणसांनी एक पांढरा डबा ठोकला, त्याला सील मारलं आणि "आता घर हुशार झालं, मावशी" असं म्हणून चहा न घेताच निघून गेली. आधी घर काय मठ्ठ होतं का, हे विचारायचं तिच्या ओठावरच राहिलं.

डब्याचं नाव 'समतोल'. संध्याकाळी सगळं शहर एकदम वीज ओढायला लागलं, की लांब कुठंतरी बसलेला एक कॉम्प्युटर ठरवणार, कुणाचा गीझर थोडा वेळ थांबवायचा, कुणाचा फ्रीज, कुणाचा कूलर. घरातल्या एकेका खोलीची, खोलीतल्या एकेका प्लगची लाइन त्याच्या हातात. काय बंद केलं ते मोबाइलवर कळवणार, तेही गोड भाषेत. मुलगी सायलीनं पुण्यात बसून परस्पर होकार देऊन टाकला होता. "आई, सगळीकडं बसवणारच आहेत," म्हणे.

सगळीकडं म्हणजे समोरच्या नजमाचं घर सोडून. नजमा दरवेळी दार किलकिलं करायची आणि सांगायची, "घर में मर्द नहीं है, बाद में आओ." तिचा नवरा कमरोद्दीन रात्रभर टेम्पो चालवून आत घोरत पडलेला असे, आणि ते घोरणं बाहेर ऐकू येई. तरी माणसं बिचारी माघारी जात. रत्नमालाला ते आठवलं की स्वतःचाच संताप यायचा. आपल्याला हे का सुचलं नाही?

तिचा नवरा कडुबा पुढच्या खोलीत खाटेवर असायचा. वाळूजच्या एका कारखान्यात त्यानं उमेदीची सगळी वर्षं लोखंड घासण्यात घालवली आणि ती सगळी धूळ छातीत भरून घरी आणली. आता नाकात नळी, नळीच्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन, आणि मशीनची पिन भिंतीत. त्या मशीनची घरघर हाच त्या घराचा आवाज झाला होता. ती चालू आहे तोवर रत्नमाला भाकरी करायची, धुणं धुवायची, नजमाशी ओट्यावरून बोलायची. घरघर थांबली की कडुबाचे ओठ निळे पडायला फार वेळ लागत नसे. अडीअडचणीला म्हणून खाटेखाली एक छोटा सिलेंडर ठेवलेला होता.

उन्हाळ्यातली दुपार. रत्नमाला गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. कुरडईचा एक वेढा हातात असतानाच तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. गल्लीत कुत्रं भुंकत होतं, नजमाचा मिक्सर चालू होता, सगळे आवाज होते. फक्त घराचा आवाज नव्हता.

ती जिना कशी उतरली तिलाच ठाऊक नाही. कडुबा डोळे वटारून छताकडं बघत होता, मशीन पिंपिं करत होतं. तिनं सिलेंडर ओढला, नळी बदलली, ओट्यावर धावत जाऊन डब्यावरचं बटण दाबलं. घरघर परत सुरू झाली. मग तिनं मोबाइल बघितला.

'पुढची खोली: कोणाचाही वापर नाही. लाइन बंद करून वीज वाचवली. आपले आभार.'

२

दुसऱ्या दिवशी विश्वजीत नावाचा तरुण इंजिनियर आला. मुलगा सालस होता, दारात चप्पल काढून आत आला. पण रत्नमाला आज सालसपणावर विरघळणार नव्हती.

"वापर नाय म्हणतो तुझा डबा! हा खाटंवर पडलाय त्यो कोण हाय मग? गाठोडं ठिवलंय का मी?"

कडुबानं खाटेवरून हात जोडून इंजिनियरला नमस्कार केला.

"मावशी, डब्याला डोळे नाहीत," विश्वजीत म्हणाला. "माणूस आहे का नाही, हे त्याला वापरावरून कळतं. पंखा कमी-जास्त झाला, टीव्ही लागला, मोबाइल चार्जिंगला लावला, की त्याला कळतं इथं कोणीतरी आहे. या खोलीत तसं काहीच होत नाही."

ते मात्र खरं होतं. कडुबाला टीव्हीचा आवाज सोसत नसे, उजेड नको असे. आणि रत्नमालाला विनाकारण दिवा जळलेला खपत नसे. पडदे ओढलेले, पंखा एकवर, असा तो दिवस दिवस पडून असायचा.

"आन मशीन? ते नाय दिसत त्याला?"

"दिसतं ना. गरजेचं आहे अशी नोंद पण आहे. पण ते एकाच तालात चालतं, मावशी. खोलीत माणूसच नाही तर गरज कुणाला, असा त्याचा विचार झाला."

"इचार! लई शहाणा हाय त्यो. मंग काढून ने की त्याला."

काढता येत नव्हता. त्याला अर्ज, अर्जाला मंजुरी, मंजुरीला वेळ. सील तोडलं तर वीजच तोडणार. शिवाय खांबावरही एक मोठा डबा होता. अख्ख्या गल्लीला मिळायची वीज ठरलेली. एकानं जास्त घेतली की दुसऱ्याची कमी करायची, त्याच्या घरी डबा असो वा नसो, हे त्या खांबावरच्या डब्याचं काम. विश्वजीत हे सगळं समजावून सांगत होता आणि रत्नमालाच्या कानशिलाची शीर उडत होती. माणूस श्वास घेतोय हे सिद्ध करायला आता तिनं काय करावं, कुणाकडं जावं?

जाताना विश्वजीत हळूच म्हणाला, "थोडे दिवस तुम्हीच इथं माणसासारखा वापर करा ना. टीव्ही लावा, पंखा फिरवा. तो शिकतो, मावशी. एकदा शिकला की नाही बंद करणार."

३

तर रत्नमालानं डब्याला कडुबा शिकवायला घेतला.

पण कुठला कडुबा? खाटेवर निपचित पडलेल्या माणसाचा वापर कसा दाखवायचा, हे तिला कळेना. तिला ठाऊक होता तो पहिल्या पाळीला जाणारा कडुबा. तोच तिनं उभा केला. झुंजूमुंजू झालं की गीझर लावायचा. मग पुढच्या खोलीत इस्त्री तापवून त्याच्या निळ्या शर्टावर फिरवायची. दिवसा मोबाइल चार्जिंगला. पाळी सुटायच्या वेळेला पंखा पाचवर, कारण घरात पाऊल टाकलं की तो आधी पंखा पाचवर करायचा, आणि लगेच बातम्या. आवाज बारीक ठेवून ती रोज बातम्या लावू लागली. शर्टाला इस्त्री करताना तिला बरं वाटायचं. खरंच बरं वाटायचं. नवऱ्याला कामावर धाडल्यासारखं वाटायचं.

"धाडतीस का... मला... कामावर?" कडुबानं एकदा हसून विचारलं. त्याची वाक्यं अशीच यायची, मधे मधे दम घेत.

"जावा की. पगार आणा," ती म्हणाली.

चार-आठ दिवसांत मोबाइलवर आलं: 'पुढची खोली: एक व्यक्ती. दिनक्रम नियमित.' रत्नमालानं तो मोबाइल नजमाला नेऊन दाखवला. केवढं मोठं मैदान मारल्याचा आनंद झाला होता तिला.

मग एकदा तिला गुलमंडीच्या बाजारात जावं लागलं. कडुबापाशी नजमाला बसवून ती गेली आणि उन्हं कलल्यावर परत आली. ओट्यावर पाय ठेवला तर आत बातम्या चालू. पंखा पाचवर.

"नजमा, अगं त्यांना आवाज सोसत नाय."

"मैंने नहीं लगाया, भाभी. मला वाटलं तुम्हीच कायतरी टायमिंग लावून ठिवलं."

शिकला मेला, रत्नमाला मनात म्हणाली, आणि टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी ती उठायच्या आधीच गीझरचा लाल दिवा लागलेला होता. तिसऱ्या दिवशी इस्त्री तापलेली. आता मात्र तिचं डोकं फिरलं. इस्त्री! आजारी माणसाच्या उशाशी आपोआप तापणारी इस्त्री! घर पेटलं असतं म्हणजे? तिनं विश्वजीतला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलली.

विश्वजीतनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मावशी, डबा लाइन बंद करू शकतो. तुमची बटणं दाबून वस्तू चालू करायची सोय त्याच्यात नाहीच."

"मंग इस्त्री कोण लावतं?"

"घरातलंच कोणीतरी," तो म्हणाला.

रत्नमालानं फोन ठेवला. आपणच झोपेत उठत असू, असं तिनं स्वतःला सांगितलं. रात्र रात्र जागरणं होतात, माणसाला भान राहत नाही. हे तिला बऱ्यापैकी पटलंही. न्हाणीघरात गेली तर फरशी ओली होती आणि साबणाला ताजा फेस होता. तेही आपणच केलं असेल, असं ती म्हणाली. पण मग तिचे केस कोरडे कसे होते?

ती पुढच्या खोलीत आली तेव्हा कडुबा जागा होता. तो तिच्याकडं बघत नव्हता, न्हाणीच्या दाराकडं बघत होता.

"त्याला सांग," तो म्हणाला, "माझा टॉवेल... घिऊ नको म्हणावं."

४

त्याच आठवड्यात, दिवेलागणीच्या वेळेला, मशीन पुन्हा बंद पडलं. रत्नमाला बाजूलाच बसलेली होती म्हणून बरं. सिलेंडर लावला. बटण दाबलं, घरघर आली आणि परत गेली. पुन्हा दाबलं, पुन्हा गेली. इकडं टीव्ही आणि पंखा मात्र झक्कास चालू. फक्त मशीनचा तेवढा प्लग मेलेला. मोबाइलवर लिहिलं होतं:

'पुढची खोली: एक व्यक्ती. दिनक्रम नियमित. वैद्यकीय उपकरणाची गरज आढळत नाही.'

तिनं कंपनीच्या नंबरला फोन लावला. श्रेया नावाची कुणी मुलगी बोलत होती, आवाज मधासारखा.

"मॅडम, आमच्याकडं दिसतंय की सर रोज पहाटे उठतात, आंघोळ करतात, कपडे इस्त्री करतात. संध्याकाळी टीव्ही बघतात. सर आता बरे आहेत ना?"

"बाई, त्यांना कूस बदलता येत नाय! त्ये सगळं मी करत व्हते!"

"कालचं पण तुम्हीच केलं का, मॅडम?"

काल तिनं काहीच केलं नव्हतं. तिनं मशीन सोडून बाकी सगळ्या वस्तूंच्या पिना काढून ठेवल्या होत्या.

मग तिचा संताप अनावर झाला. कुणी तरी सुखानं अंघोळ करतंय, कपडे घालतंय, पंख्याखाली बसतंय, आणि त्याच्यापायी तिच्या नवऱ्याचा श्वास काढून घ्यायचा? हा कुठला न्याय? हयातभर त्या कारखान्यानं त्याची छाती खाल्ली, ती कमी पडली का? आता उरलासुरला वारासुद्धा दुसऱ्याच्या नावावर? "तुमचं वाटोळं व्हईल," असं ती फोनमध्ये ओरडली. तिकडून 'तक्रार नोंदवली आहे' असं उत्तर आलं.

आरडाओरडा ऐकून नजमा धावत आली, मागोमाग कमरोद्दीन. रत्नमाला म्हणाली, तुमच्याकडून वायर ओढू.

"वायर कायको भाभी?" नजमा म्हणाली. "आदमीकोच लेके चलो. आमच्या घरात डबा नाय न् काय नाय."

कमरोद्दीननं कडुबाला खुर्चीत बसवून खुर्चीसकट उचललं, नजमानं मशीन घेतलं, रत्नमालानं नळी आणि सिलेंडर धरला. नजमाच्या घरात मशीनची पिन भिंतीत गेली आणि घरघर सुरू झाली. रत्नमालानं घरी जाऊन सगळी बटणं बंद केली, रिकामं अंथरूण झटकलं आणि दाराला बाहेरून कुलूप घातलं. आता बस म्हणावं एकटाच, असं ती कुलपाला म्हणाली.

५

दुसरा दिवस चांगला गेला. कमरोद्दीननं संपत आलेला सिलेंडर भरून आणला आणि रत्नमालाच्या हवाली केला. तिनं तो सवयीनं समोर नेऊन आपल्याच खाटेखाली सरकवला, कुलूप लावलं आणि परत आली. रोज तिथंच ठेवायचा, म्हणून तिथंच ठेवला. एवढी मोठी चूक आपल्या हातून झाली, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

दिवेलागण झाली. कमरोद्दीन टेम्पो घेऊन गेला होता. नजमा चहा गाळत होती, रत्नमाला खिडकीशी बसून कडुबाचे पाय चेपत होती. खिडकीतून समोर तिचं घर दिसत होतं.

पुढच्या खोलीतला दिवा लागला.

मग बातम्यांचा आवाज आला, बारीक. पडदा हलू लागला, म्हणजे पंखा पाचवर. रत्नमाला पाय चेपायची थांबली. पडद्यामागं कुणीतरी उभं होतं. त्यानं दोन्ही हात डोक्यावर नेले आणि अंगातला शर्ट ओढून काढला. कडुबाला हात खांद्याच्या वर नेता येत नव्हते, त्याला कितीतरी वर्षं झाली होती. पण शर्ट असा मागून मानेला धरून, डोक्यावरून ओढून काढायची सवय त्याचीच होती.

"अल्ला," नजमा म्हणाली. तिनंही ते बघितलं होतं.

त्याच वेळी नजमाच्या घरातली वीज गेली.

गल्लीत बाकी सगळीकडं उजेड होता. अंधार एवढ्या एकाच घरात, आणि त्या अंधारात मशीन पिंपिं करायला लागलं. "सिलेंडर!" रत्नमाला ओरडली आणि तेव्हा तिला आठवलं, सिलेंडर कुठं आहे ते.

ती गल्ली ओलांडून आपल्या ओट्यावर आली. किल्ली कुलपात घातली आणि थांबली. दाराच्या पलीकडं चपला वाजत होत्या. उजवा पाय जरासा फरफटवत, कडुबा चालायचा तसा. आणि श्वास ऐकू येत होता. भरघोस, मोकळा, आत खोल जाऊन परत येणारा. तिच्या नवऱ्याच्या छातीत असा श्वास होता, त्या वेळी सायली शाळेतसुद्धा जात नव्हती.

"कोण हाय गं बाहेर, रत्ना का?" आतून आवाज आला. "ये की आत, कवाधरनं वाट बघतोय तुझी, चहा टाक घोटभर आन बस जरा पंख्याखाली."

एका दमात. एवढं लांब वाक्य, कुठंही न अडता. खोटं कशाला बोला, रत्नमालाला आत जावंसं वाटलं. किल्लीवरचा हात अर्धा फिरलाही.

"भाभी!" मागून नजमाची किंकाळी आली. "जल्दी करो! भाईसाब का मुँह काला पड रहा!"

त्या किंकाळीनं ती भानावर आली आणि तिच्या मस्तकात आग शिरली. माझ्या घरात बसून मलाच विचारतोस, कोण आहे म्हणून? हे घर माझ्या नवऱ्यानं धूळ खाऊन बांधलं, आणि पंख्याचा वारा तू खाणार? गल्लीची वीज ठरलेली, विश्वजीत सांगून गेला होता. हा आत बसून ओढत होता म्हणून तिकडं अंधार. तिनं किल्ली सोडली, मीटरकडं वळली आणि मेन स्विचचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला.

तिचं घर अंधारलं. समोर नजमाच्या घरात दिवे लागले. मशीनची घरघर तिला गल्लीच्या अलीकडं ऐकू आली.

आणि दाराच्या आत धाप सुरू झाली.

ती धाप तिच्या ओळखीची होती. आधी शीळ वाजल्यासारखी, मग घशात अडकणारी, मग खोकला. त्या धापेला तिनं रात्री-बेरात्री पाठ चोळली होती, गरम पाणी पाजलं होतं.

"रत्ना," आतून आलं. "लाईट... लाव. दम... नाय... पुरत."

तिचा हात उठला. तिनं तो दुसऱ्या हातानं दाबून धरला. दाराला काहीतरी घासत खाली बसल्याचा आवाज आला. तो तिला हाक मारत राहिला. आधी रत्ना म्हणून, मग सायलीची आई म्हणून, मग नुसताच. ती रडत होती, त्या डब्याला, कंपनीला, त्या मधाळ पोरीला शिव्या देत होती, पण दांड्यावरचा हात तिनं काढला नाही. आत सगळं शांत झालं तरी बराच वेळ काढला नाही.

६

नजमाच्या घरात कडुबा उशीला टेकून बसला होता. ओठांवर रंग परत आला होता. नजमा त्याला पदरानं वारा घालत होती आणि रडत रडत हसत होती. रत्नमाला खाटेच्या कडेला बसली. त्याचा हात हातात घ्यायला गेली, तर त्यानं तो काढून घेतला.

"किती हाका... मारल्या तुला," तो म्हणाला. "दारातच... हुबी व्हतीस. दांड्यावरचा... हात... काढला नाय."

"काय बोलते भाईसाब?" नजमा म्हणाली. "तुम्ही तर इथंच होते. मी धरून बसली होती ना तुम्हाला."

कडुबानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

रत्नमालानं दुसऱ्या दिवशी वरवंट्यानं तो डबा फोडला. वीज तोडतो म्हणून आलेल्या माणसांना तिनं ओट्यावर उभं राहून असं काही झापलं, की अख्खी गल्ली गोळा झाली आणि शेवटी माणसं साधं मीटर लावून गेली. कडुबा आपल्या घरी, आपल्या खाटेवर परत आला. मशीन चालू असतं, पंखा एकवर असतो, पडदे ओढलेले असतात.

ती त्याचं सगळं करते. अंग पुसते, अंथरूण बदलते, नळी धुते. तो करू देतो, बोलत मात्र नाही. पाणी तिच्या हातचं घेत नाही. पहिल्यांदा त्यानं तोंड मिटून घेतलं, तेव्हा तिला संताप आला, तुमच्यासाठी मी काय केलं ते मला विचारा, असं ती ओरडली. त्यानं फक्त तिच्या हातांकडं बघितलं.

आता ती रोज तांब्या भरते आणि गल्ली ओलांडून समोरच्या घरी नेऊन देते. मग नजमा तो घेऊन येते आणि कडुबाला पाणी पाजते.